राणीच्या खिडकीचं माप

माणूस ओळखायचा असेल तर त्याच्या तोंडाकडे पाहू नये, पायांकडे पाहावं. तोंडावर काय वाटेल ते आणता येतं, जोड्यांना ती कला जमत नाही. आमच्या गावातल्या जुन्या राजवाड्यात मी गाईड आहे आणि माझं अर्धं आयुष्य लोकांचे जोडे न्याहाळण्यात गेलं आहे. टाचा एकाच बाजूनं झिजल्या असतील तर मास्तर, नाडीला दुहेरी गाठ असेल तर बँकेतला, आणि कोऱ्या करकरीत बुटांत लंगडत असेल तर नुकतंच लग्न झालेला. माझं निदान आजवर चुकलेलं नाही, असं मी अगदी परवापरवापर्यंत छाती फुगवून सांगत होतो. बायको म्हणायची, "एवढं कळतं, तर तुम्ही आणलेली वांगी किडकी का निघतात?" माझं उत्तर ठरलेलं असे. वांगी जोडे घालत नाहीत.

आमचा राजवाडा म्हणजे फार मोठं प्रकरण नाही. एक दरबार, एक आरसेमहाल, वरच्या मजल्यावर राणीची खिडकी आणि तळघरात अंधारकोठडी. एवढ्या ऐवजावर एखादा इतिहासाचा प्राध्यापक पाच मिनिटं बोलेल आणि पाणी मागेल. मी तासभर बोलतो. मधली जागा मी पदरची भरतो.

सगळ्यात जास्त पदरचं राणीच्या खिडकीत खर्ची पडतं. त्या खिडकीच्या दगडी कट्ट्यावर दोन खळगे आहेत. मी लोकांना तिथे थांबवतो, आवाज खाली आणतो आणि सांगतो, की राजा लढाईवर गेला तेव्हा राणी या खिडकीत येऊन बसली. कट्ट्यावर कोपरं टेकून, रस्त्याकडे डोळे लावून. राजा आला नाही, राणी उठली नाही. दगड झिजला, पण तिचं वाट पाहणं झिजलं नाही. इथे मी गप्प होतो. बायका रुमाल काढतात, पुरुष छताकडे बघतात. ते खळगे वास्तविक जुन्या काळच्या झाडूवाल्यांच्या बादल्यांनी पडले आहेत. पण बादलीसाठी रडलेलं माणूस मी अजून पाहिलेलं नाही. अंधारकोठडीचंही तसंच. ते मुळात धान्याचं कोठार, आणि भिंतीतली बेडी म्हणजे विहिरीची जुनी साखळी. आता धान्य बघायला कोण तळघरात उतरणार?

तर असं सगळं सुरळीत चाललं असताना एकाच आठवड्यात दोन गोष्टी घडल्या.

पहिली, राजवाड्यावर नवे साहेब आले. त्यांनी आम्हा सगळ्या गाईडांना दरबारात उभं केलं आणि म्हणाले, "इथे इतिहासाच्या नावाखाली वाटेल ते खपवलं जातं, असं माझ्या कानावर आलंय. मी कधीही गुपचूप माणूस पाठवीन. थाप पकडली गेली, की बिल्ला जमा." हे बोलताना ते सगळ्यांकडे बघत होते, पण मला वाटलं, माझ्याकडे जरा जास्तच बघत होते.

दुसरी गोष्ट घरातली. माझी लेक चष्म्याच्या दुकानात काम करते. तिथेच आतल्या खोलीत काचा घासणारा एक मुलगा आहे, आणि त्या दोघांनी लग्न करायचं ठरवलं आहे, ही बातमी मला मिळाली. तिच्या आईला ती वर्षभर आधीच मिळाली होती. आमच्या घरात बातम्या स्वयंपाकघरातून निघतात आणि रमतगमत माझ्यापर्यंत पोचतात. मुलगा चांगला. जोडे साधे, पण पुसलेले. त्याची आई राजी होती. वडिलांचं मात्र अडलं होतं.

"ते फार संशयी आहेत," बायको म्हणाली. "गाईडची मुलगी म्हटल्यावर म्हणाले, म्हणजे थापाड्याचं घर. रविवारी संध्याकाळी सगळे आपल्याकडे येणार आहेत. तुमच्याशी बोलून मगच ते होय की नाही सांगतील."

"करतात काय हे गृहस्थ?"

"निवृत्त झालेत. सरकारी खात्यात होते, ते..." पुढे ती काहीतरी सांगत होती, पण मी तोवर थापाड्या या शब्दावरच अडकून पडलो होतो.

लेक माझ्याजवळ येऊन बसली. "बाबा, ते नाही म्हणाले तरी आपण लग्न करू, असं तो म्हणतो. पण मला तसं नको आहे. मला दोन्ही घरं हवी आहेत. एक संध्याकाळ तुम्ही फक्त खरं बोला." मी तिला लगेच वचन दिलं. लेकीसाठी एक संध्याकाळ खरं बोलणं काही फार अवघड नाही, आणि सरावाला मधे थोडे दिवसही होते.

शुक्रवारी सकाळच्या घोळक्यात एक नवा माणूस दिसला. डोक्यावर करडी टोपी, खांद्याला पिशवी, आणि पायात काळे बूट. असे बूट मी जन्मात पाहिले नव्हते. जुने, पण आरशासारखे लख्ख. नाडीची दोन्ही टोकं अगदी सारख्या लांबीची. मी मनात म्हटलं, हा सरकारी माणूस. साधा कारकून नव्हे, दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरणारा.

तरीही साहेब इतक्या लवकर कोणाला पाठवतील असं वाटलं नव्हतं. सवयीनं मी राणीला खिडकीत बसवलं, राजाला लढाईवर पाठवलं, दगड झिजवला आणि गप्प झालो. रुमाल निघाले. आणि त्या टोपीवाल्यानं खिशातून काय काढावं? मोजपट्टी! लोकांना बाजूला सारून तो पुढे झाला आणि त्यानं दोन खळग्यांमधलं अंतर मोजलं. मग खळग्यांची खोली मोजली. मग स्वतःची कोपरं त्यांत टेकवून पाहिली.

"राणी बरीच रुंद असली पाहिजे," तो म्हणाला.

"राजघराणं होतं," मी म्हटलं. "खातंपितं."

त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं, मोजपट्टी गुंडाळली आणि मोठ्यांदा नाक शिंकरलं. साहेबांचा माणूस तो हाच. बिल्ला गेला, असं मी धरूनच चाललो. आणि रविवारी लेकीच्या सासऱ्यांनी विचारलं, की आपण काय करता, तर खरं बोलायचं वचन दिलेल्या माणसानं काय सांगायचं? काढून टाकलेला गाईड?

शनिवारी टोपीवाला पुन्हा हजर. मी ठरवूनच आलो होतो. त्या दिवशी मी जितकं खरं बोललो तितकं लहानपणीही बोललो नव्हतो. "हा दरबार. इथे दरबार भरत असे. हे आरसे. यांत दिसतं." लोक एकमेकांकडे बघायला लागले. वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत निम्मा घोळका गळाला होता. "ही खिडकी," मी म्हटलं. "दगडी आहे. पश्चिमेला उघडते. वारा बरा येतो."

कोणीतरी जांभई दिली. टोपीवाला तेवढा पुढे झाला. त्याचा चेहरा उतरला होता.

"काल इथे राणी होती ना?"

"कोण राणी?" मी विचारलं.

"वाट बघणारी."

"आपली काहीतरी ऐकण्यात चूक झाली असेल."

तो माझ्याकडे अशा नजरेनं बघत राहिला, की मला माझेच जोडे लपवावेसे वाटले. मग टोपी सारखी करून खाली गेला.

संध्याकाळी तिकीटखिडकीतल्या बाईंनी मला हाक मारली. "तो टोपीवाला तुमची चौकशी करत होता हो. स्वभाव कसा आहे, चिडतात का, घरी किती वाजता जातात, दिलेला शब्द पाळतात का."

मी चक्रावलो. साहेबांच्या माणसाला माझ्या स्वभावाशी काय करायचंय? आणि घरी जायच्या वेळेशी? हे ऐकायला आमचा पहारेकरी शेजारीच उभा होता. हा पहारेकरी म्हणजे तेच मांजर दुसऱ्यांदा दारातून गेलं तरी त्याला हटकणारा. त्यानं मला बाजूला ओढलं.

"साहेबांचा माणूस नाही तो. चोर आहे. आरसेमहालातल्या चांदीच्या चौकटीवर डोळा आहे त्याचा."

"पण मग खिडकी कशाला मोजली?"

"चौकट तिच्यातून बाहेर निघते का ते बघायला!"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हणूनच तो दुसऱ्या दिवशी आला. म्हणूनच मी घरी कधी जातो ते विचारत होता. आणि ते जादा चकचकीत बूट? सज्जन माणूस कधी बूट इतके चमकवतो का? शंका एकदा घरात शिरली की जावयासारखी पाय पसरून बसते. रात्रभर मला चांदीच्या चौकटी खिडकीतून उतरताना दिसत होत्या.

रविवारी मी लवकर घरी जाणार होतो. बायकोनं पडदे धुतले होते, लेकीनं कपबशांचा नवा संच काढला होता. मी निघायच्या बेतात होतो, तोच टोपीवाला फाटकातून आत आला. आज त्याच्या हातात एक मोठं खोकं होतं. तो थेट माझ्याकडे आला.

"आज फिरायला नाही आलो," तो आवाज खाली आणून म्हणाला. "तुमच्याशी जरा खासगी बोलायचं आहे. कोणी येणार नाही अशी जागा आहे का इथे?"

पहारेकऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, मी पहारेकऱ्याकडे. हा मला चोरीत सामील करून घ्यायला आला होता, आणि खोक्यात अर्थातच हत्यारं होती. मी म्हटलं, "आहे ना. या." त्याला तळघरात नेलं. "आत बसा, दिवा लावतो," असं म्हणून त्याला कोठडीत पुढे घातलं आणि बाहेरून दार ओढून घेतलं. पहारेकऱ्यानं कडी सरकवली.

आतून, "अहो, अहो, ऐकता का," असं काहीतरी ऐकू आलं. भिंती जाड, त्यामुळे फारसं कळलं नाही. तळघरात फोन लागत नाही, हे आम्ही हेरून ठेवलंच होतं.

"पोलिसांना कळवू या," मी म्हटलं.

"आधी साहेबांना कळवायला हवं," पहारेकरी म्हणाला. "नाहीतर आपलीच चौकशी." पण साहेब रविवारी फोन उचलत नाहीत, आणि मला तर घर गाठायचं होतं. शेवटी पहारेकरी दाराशी काठी घेऊन बसला आणि मी, पाहुणे आटपून येतो, असं सांगून निघालो. रस्त्यानं चालताना माझी मान ताठ होती.

घरी पोचलो तर मुलगा आणि त्याची आई येऊन बसलेले. वडील दिसत नव्हते.

"ते येतीलच एवढ्यात," मुलाची आई म्हणाली. "दुपारीच निघालेत. त्यांचं काही सांगता येत नाही हो, वाटेत कुठे काय तपासत बसतील."

मला हायसं वाटलं. जरा दम खायला वेळ मिळाला. खरं बोलायचं वचन होतं, आणि माझ्याकडे सांगण्यासारखं खरं आयुष्यात पहिल्यांदाच होतं! मी पाय पसरून बसलो आणि हातात कप घेऊन सुरुवात केली. "आज मी चोर पकडला."

बायकोनं डोळे मोठे केले. लेक हळूच म्हणाली, "बाबा, आज नको."

"अगं, देवाशपथ खरं आहे. तीन दिवस मागावर होता. डोक्यावर करडी टोपी..."

मुलाच्या आईचा कप ओठांशी थांबला. "करडी?"

"करडी. आणि बूट असे, की त्यात तोंड बघून घ्यावं. मोजपट्टी घेऊन हिंडत होता."

"मोजपट्टी," मुलगा म्हणाला. तो उभा राहिला होता.

"आज तर खोकं घेऊन आला. हत्यारं, दुसरं काय असणार? मी त्याला कोठडीत घातला आणि..."

"खोक्याला निळी फीत होती का?" मुलाच्या आईनं विचारलं.

"होती. तुम्हाला कसं ठाऊक?"

"मीच बांधली. आत केक आहे." त्यांनी कप खाली ठेवला. "ते वजनमापं खात्यात निरीक्षक होते. मोजपट्टी घेतल्याशिवाय बाहेर पडत नाहीत. आधी राजवाड्यावर जरा डोकावतो आणि मग इकडे येतो, असं सांगून निघाले होते."

म्हणजे माझं निदान चुकलं नव्हतं. माणूस सरकारीच होता, चुका काढणारा होता, फक्त खातं वेगळं निघालं. पण हा खुलासा करण्याची ती वेळ नव्हती. लेकीनं माझ्याकडे पाहिलं. ती रडत नव्हती. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

आम्ही सगळे तसेच राजवाड्याकडे निघालो. पायात जोडे आहेत की नाहीत, हेही मला आठवत नव्हतं. एवढ्या वर्षांत हजारो लोकांना मी खोटंनाटं सांगितलं, त्याचं कधी काही वाटलं नाही. पण माझ्या एका संशयानं लेकीचं घर मोडणार, या विचारानं जीव कासावीस झाला.

पहारेकरी जागेवरच होता. "अगदी शांत आहे," तो मला अभिमानानं म्हणाला. "आत काहीतरी मोजतोय."

मी कडी काढली. टोपीवाले, आता त्यांना टोपीवाला म्हणायची सोय उरली नव्हती, एका दगडावर बसले होते. मांडीवर खोकं होतं आणि केकचा एक कोपरा नाहीसा झाला होता.

"ही कोठडी नाही," ते म्हणाले. "कोठार आहे. भिंतीवर धान्याच्या मापाच्या रेघा आहेत. आणि ही साखळी विहिरीची."

"होय," मी म्हटलं.

"राणीसुद्धा नव्हती."

"नव्हती."

"मग शनिवारी मी विचारलं तेव्हा सरळ तसं का नाही सांगितलंत? शुक्रवारी राणी आहे, शनिवारी नाही, रविवारी मला कोंडलंत. माणसानं तुम्हाला मोजायचं तरी कसं?"

तेवढ्यात लेक पुढे झाली. "काका, ती राणी माझी आहे."

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"मी लहान असताना आईला दूरच्या गावी नोकरी होती. ती आठवड्यातून एकदाच घरी यायची. मी खिडकीत बसून राहायची, जेवायलाच उठायची नाही. तेव्हा बाबांनी मला भरवता भरवता राणीची गोष्ट रचली. माझ्या गोष्टीतला राजा परत यायचा. राजवाड्यात बाबा तो भाग सांगत नाहीत."

माझी बायको भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी कोठाराच्या छताकडे बघत होतो. छतावर काही नव्हतं.

टोपीवाल्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "शुक्रवारी ती गोष्ट ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं," ते म्हणाले. "माझी आई गेली त्यानंतर पहिल्यांदा. चारचौघांत. मला फार राग आला. म्हणून मोजपट्टी काढली. म्हटलं, गोष्ट खोटी निघाली तर रडूही खोटं ठरेल. गोष्ट तर खोटी निघाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकायला आलो, तर तुम्ही मला वाऱ्याची दिशा सांगितलीत."

"मग आज?" मुलानं भीत भीत विचारलं.

"आज यांना तेच विचारायला आलो होतो, की राणीचं पुढे काय झालं. ते या मुलीनं सांगितलं." त्यांनी खोकं लेकीपुढे धरलं. "घ्या. एक कोपरा मी खाल्लाय. कैद्याला जेवण द्यायचं असतं, एवढंही तुमच्या बाबांना ठाऊक नाही."

लेक हसली आणि तिथेच, कोठारात, रडायलाही लागली. मीही रडलो. यावेळी मोजायला कोणी पुढे झालं नाही.

लग्न झालं. लेक सुखात आहे, दोन्ही घरं तिची आहेत. व्याही अधूनमधून आपले नातेवाईक राजवाडा दाखवायला आणतात आणि कोठडीशी आले की मला गप्प करून स्वतःच सांगायला लागतात. पहिल्या वेळी ते दुपारभर आत होते. पुढे रात्रभर झाले. गेल्या खेपेला त्यात विंचू शिरले. वजनमापं खात्यातला माणूस, पण हात इतका सैल, की मलाच लाज वाटते. मी मान डोलावतो. लेकीचे सासरे आहेत.

मी स्वतः मात्र कोठडीशी एकदम प्रामाणिक झालो. धान्य, मापाच्या रेघा, विहिरीची साखळी, सगळं जसं आहे तसं सांगतो, आणि शेवटी इथेच मी माझ्या व्याह्यांना चोर समजून कसं कोंडलं, तेही जसं घडलं तसं. एका अक्षराची भर घालत नाही.

परवा साहेबांनी मला खोलीत बोलावलं. त्यांचा गुपचूप माणूस गेल्या आठवड्यात येऊन गेला होता म्हणे. मी खूप आठवून पाहिलं, पण त्या आठवड्यात संशय यावा असे जोडे मला एकाही पायात दिसले नव्हते.

"एकंदरीत काम चांगलं आहे तुमचं," साहेब म्हणाले. "राणीची गोष्ट तर फारच उत्तम. जुनी, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली दिसते. ती मुळीच बदलू नका."

"बरं, साहेब."

"पण ते व्याह्यांना कोंडल्याचं जे काय सांगता, ते उद्यापासून बंद. थापेलाही काही सुमार असतो!"